दात मोजून

नोव्हेंबरात उलानबातर थिजलं की क्रेन थांबतात.
सिमेंट धरायच्या आधीच गोठतं,
आणि मी, चाळीस मीटरवरून उतरलेली,
मार्चपर्यंत जमिनीवर.

यंदा ठरवलं, नेटवर्किंगची परीक्षा.
फी भरली. तारीख फेब्रुवारीतली;
घोडामैदान काही लांब नाही.

तेनून म्हणाला, काही विकत घेऊ नकोस,
सगळं लॅपटॉपवर होतं, फुकट:
राउटर ओढ, स्विच ओढ, मधे रेघ मार.
आठवडाभर रेघा मारल्या.
त्या जगात पंखा जळत नाही,
केबल दारात चिमटत नाही,
कुणी पाय अडकून पडत नाही.
मी क्रेन चालवते.
न कुरकुरणाऱ्या लोखंडावर
माझा विश्वास बसत नाही.

यादी केली, खोडली, केली.
राउटर तीन. बरं, दोन.
स्विच दोन, त्यातला एक तिसऱ्या लेयरचा,
तो खोडला, पुन्हा लिहिला, खोडला.
निळी कन्सोल केबल,
आणि तिला लॅपटॉपशी जोडणारं बोटभर अ‍ॅडॅप्टर,
जे सगळे विसरतात.
रॅक नको. आईचा नारिंगी पेटारा आहे.
एकूण दोन लाख तुग्रिक,
कोळशाचे वगळून.

बाजारामागे कंटेनरांची रांग.
वडील बरोबर आले, न विचारता.
झुदच्या साली बर्फाच्या कवचाखाली गवत राहिलं
आणि कवचावर त्यांची एकतीस घोडी.
तेव्हापासून ते शहरात आहेत
आणि बाजारात जायची एकही संधी सोडत नाहीत.

लुव्सान एका चकचकीत गीगाबिटची तारीफ करत होता.
वडिलांनी तो उलटा केला.
स्क्रूंच्या खाचा ताज्या होत्या.
'याला विकण्याआधी आंघोळ घातलीय.'
मग कोपऱ्यातला राखाडी उचलला,
तोंड उजेडाकडे फिरवलं,
हातमोजा काढून अंगठ्यानं
एकेक दात चाचपला.
चोवीस.
'सातवा हलतोय.'
मग म्हणाले, वीज लाव,
आणि कुशीला कान लावून उभे राहिले.
'दमेकरी आहे. पण खोटं बोलत नाही.'

नव्वद हजार सांगितले होते.
सातव्या दातावर पंधरा सुटले.

रात्री नऊनंतर वीज स्वस्त.
मोडचं बटण दाबून धरलं, वायर खोचली,
दिवा लुकलुकला, जुनी फाईल बाजूला सारली
आणि पासवर्डशिवाय आत शिरले.
मग ती फाईल उघडली.
कुठल्याशा गावची शाळा.
गटांची नावं कुणी हौसेनं दिलेली:
मास्तर. वसतिगृह. स्वयंपाकघर.
एका पोर्टवर नुसतंच, 'खिडकीजवळचा, ओढू नका.'

'आधीच्या मालकाचा डाग आहे,' वडील म्हणाले.
'डाग पुसत नाहीत.
शेजारी आपला घालतात.'
पण परीक्षेत कोरा स्विच देतात, बाबा.
ते काही बोलले नाहीत. चुलीत कोळसा सारला.
मी वहीच्या समासात सगळी नावं उतरवली,
खिडकीसकट,
आणि पुसायची आज्ञा दिली.
त्यानं विचारलं, नक्की?
एंटर दाबायला मला
चहा गार होण्याइतका वेळ लागला.

आता नाव द्यायचं होतं.
घोड्याला आमच्यात नाव नसतं, रंग असतो.
लिहिलं: राखाडी.

वडिलांनी त्याच्या पाठीवर हातमोजे वाळत टाकले होते.
पंख्याची घरघर ऐकत म्हणाले,
हे रात्रभर चालणार असेल तर मी झोपायचा नाही.
आणि घोरू लागले.

पुस्तकात पान एकशे बारा.
मी मात्र केबल सातव्यात खोचली.
काही नाही.
बोटानं तिरकी दाबून धरली.
नारिंगी.
तीस सेकंद बोट तसंच.
हिरवी.
बोट काढलं, विझली.
पुन्हा दाबली.